धूम्रपान, मणक्यांची झीज आणि दीर्घकालीन कंबरदुखी: पुराव्यांचा आढावा

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन कंबरदुखी म्हणतात. अशा बहुसंख्य रुग्णांत अस्थिभंग, जंतुसंसर्ग, कर्करोगाची गाठ किंवा दाहक संधिविकार यांपैकी एकही ठळक कारण हाती लागत नाही, आणि कारण हाती लागले नाही की रुग्णाचे व डॉक्टरांचेही लक्ष एमआरआयच्या अहवालाकडे वळते. तिथे चकतीतले पाणी कमी झाले आहे, गादी मागे सरकली आहे, मणक्यांमधली ‘गॅप’ कमी झाली आहे, असे काही ना काही लिहिलेले असतेच. ही झीज कशामुळे झाली, याचा शोध सुरू झाला की वय, वजन आणि ओझी उचलण्याचे काम यांच्यापाठोपाठ धूम्रपानाचे नाव घेतले जाते. जगातील रोगभाराचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या प्रकल्पानुसार २०२० साली जगभर सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि तिच्यामुळे येणाऱ्या अपंगत्वापैकी ३८.८ टक्के भाग कामाच्या ठिकाणचे शारीरिक ताण, धूम्रपान व अतिरिक्त वजन या तीन घटकांच्या नावे टाकता येतो. इतक्या मोठ्या दुखण्याच्या तीन प्रमुख कारणांत ज्याची गणना होते, ते धूम्रपान नेमके कोणत्या वाटेने कंबरेपर्यंत पोहोचते, हे म्हणूनच बारकाईने पाहायला हवे.

‘सिगारेटमुळे मणके झिजतात आणि म्हणून कंबर दुखते’ या सरधोपट विधानात दोन स्वतंत्र दावे एकमेकांना चिकटलेले आहेत. धुरामुळे चकती झिजते हा पहिला दावा, तर झिजलेली चकती दुखते हा दुसरा. दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत, त्यांचे वजनही वेगळे आहे, आणि दोन्ही खरे असले तरी धूम्रपान करणाऱ्यांत आढळणारी सगळी कंबरदुखी त्यांनी उलगडते असे नाही. गेल्या चार दशकांतील संशोधन नीट वाचले तर चकतीला होणारी हानी खरी पण माफक दिसते, आणि वेदनेशी असलेले नाते मात्र त्या माफक हानीच्या मानाने बरेच घट्ट दिसते. या तफावतीमागची कारणे शोधणे हेच या विषयातले खरे काम आहे.

मणक्यांमधली चकती ही प्रौढ शरीरातील रक्तवाहिन्या नसलेली सर्वांत मोठी रचना होय. तिचा मऊ, पाणीदार गाभा अ‍ॅग्रिकन नावाच्या प्रथिन-शर्करा संयुगाने भरलेला असतो. हे संयुग पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याच्या दाबामुळेच चकती शरीराचा भार पेलते. गाभ्याभोवती कोलॅजेन तंतूंच्या थरांचे वलय असते आणि वर-खाली, मणक्याच्या हाडाला लागून, कूर्चेचा एकेक पातळ पापुद्रा असतो. हाडातल्या केशवाहिन्या या पापुद्र्यापाशी येऊन थांबतात. तिथून पुढे ऑक्सिजन आणि ग्लुकोज केवळ विसरणाने, म्हणजे दाट द्रावणाकडून विरळ द्रावणाकडे होणाऱ्या संथ सरकण्याने, आतल्या पेशींपर्यंत पोहोचतात आणि पेशींनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल त्याच वाटेने बाहेर पडते. कंबरेच्या मोठ्या चकतीत गाभ्याच्या मध्यावरील पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून सहा ते आठ मिलिमीटर दूर असू शकतात. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींना रक्तवाहिनी अगदी शेजारी, मिलिमीटरच्या अंशावर, मिळते हे लक्षात घेतले तर या पेशी किती काठावर जगत असतात याची कल्पना येते. पुरवठा थोडा जरी घटला तरी आधी ग्लुकोज कमी पडते, मग आम्लता वाढते, पेशी अ‍ॅग्रिकन बनवणे कमी करतात व शेवटी मरू लागतात. पाणी धरून ठेवणारे संयुग संपत गेले की गाभा सुकतो, चकतीची उंची घटते, वलयाला चिरा पडतात. याच प्रक्रियेला झीज म्हणतात, आणि वयाबरोबर ती धूर न ओढणाऱ्यांतही होतच असते.

या काठावरच्या व्यवस्थेवर धुराचा घाला दोन-तीन बाजूंनी होतो. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, त्यामुळे जे रक्त पापुद्र्यापर्यंत पोहोचते त्यातही ऑक्सिजन कमी असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचतात. कंबरेच्या मणक्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीतूनच फुटत असल्याने त्याही या साचण्यातून सुटत नाहीत, आणि या धमन्यांचे अरुंदीकरण व चकत्यांची झीज एकत्र आढळतात, हे फिनलंडच्या लीना कौप्पिला यांच्या अभ्यासांनी १९९० च्या दशकात दाखवले. त्याआधी, १९८८ साली, स्वीडनमधील स्टेन होल्म आणि आल्फ नाखेमसन यांनी प्राण्यांना धुराच्या संपर्कात ठेवून चकतीतली पोषक द्रव्यांची ये-जा मंदावते, हे मोजून दाखवले होते. नाखेमसन हे तेच संशोधक, ज्यांनी जिवंत माणसाच्या चकतीतला दाब बसताना, उभे राहताना व वाकताना मोजून कंबरदुखीच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. पुढे अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील गटाने उंदरांना अनेक महिने सिगारेटचा धूर दिला, तेव्हा चकतीतील पाणी धरणारी संयुगे घटली आणि मणक्यांचे हाडही अधिक सच्छिद्र झाले. गायींच्या किंवा माणसांच्या चकतीतल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर निकोटिन सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. अशा प्रयोगांकडे थोडे सावधपणेच पाहावे लागते, कारण काचपात्रातली मात्रा आणि धूर ओढणाऱ्याच्या चकतीतली मात्रा सारखी असेलच असे नाही, आणि चार पायांवर चालणाऱ्या उंदराच्या कण्यावरचा भार माणसाच्या कण्यावरच्या भाराहून वेगळा असतो. तरीही अनेक वेगळ्या मार्गांनी एकाच दिशेचे निष्कर्ष येत असल्यामुळे धुराची चकतीवरील इजा जैविकदृष्ट्या अशक्य किंवा दूरची आहे, असे आता कोणी म्हणत नाही.

माणसांतला सर्वांत बोलका पुरावा जुळ्या भावंडांकडून आला. एका बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांचे जनुक जवळजवळ सारखे असतात, बालपणीचे घर व अन्न बहुधा एकच असते. त्यामुळे अशा जोडीतील एकाने आयुष्यभर भरपूर धूम्रपान केले आणि दुसऱ्याने केले नाही, तर दोघांच्या मणक्यांतला फरक धुराकडे बोट दाखवतो. मिशेल बॅटिए, तापियो व्हिडेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडच्या जुळ्यांच्या नोंदीतून अशा वीस जोड्या निवडल्या आणि १९९१ साली त्यांचे एमआरआय निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान करणाऱ्या भावंडांच्या कंबरेतील चकत्यांचा झिजेचा सरासरी गुणांक १८ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा फरक एखाद्या विशिष्ट चकतीपुरता नव्हता, तो कंबरेच्या सगळ्या पातळ्यांवर पसरलेला होता. वजन उचलण्याने किंवा खोकल्याच्या झटक्यांनी होणारी इजा काही ठरावीक चकत्यांवर अधिक पडायला हवी. सगळीकडे सारखी पडणारी इजा रक्तातून येणाऱ्या कारणाची खूण असते. धूम्रपान करणाऱ्याच्या जुनाट खोकल्यामुळे चकतीतला दाब वारंवार वाढतो आणि म्हणून कंबर दुखते, हा १९७० व ८० च्या दशकांत पुढे आलेला तर्क या एका निरीक्षणाने बराच मागे पडला.

मात्र याच संशोधकांनी पुढे जुळ्यांच्या ११५ जोड्यांचा अभ्यास करून झिजेतील एकंदर फरकाचा वाटा मोजला, तेव्हा चित्राची दुसरी बाजू समोर आली. कंबरेच्या वरच्या पातळ्यांवर आयुष्यभराच्या शारीरिक श्रमांनी झिजेतील जेमतेम ७ टक्के फरक उलगडला, वय धरल्यावर तो १६ टक्क्यांवर गेला, आणि कौटुंबिक साम्य, म्हणजे जनुके व बालपणीचा समान परिसर, हिशेबात घेतल्यावर तो थेट ७७ टक्क्यांवर पोहोचला. कंबरेच्या खालच्या दोन पातळ्यांवर, जिथे प्रत्यक्षात सर्वाधिक त्रास होतो, हेच आकडे २, ९ आणि ४३ टक्के असे होते. याचा अर्थ असा की एखाद्याच्या चकत्या लवकर का झिजल्या, याचे सर्वांत मोठे उत्तर त्याच्या आई-वडिलांकडून आलेल्या वारशात आहे. पराकोटीचे धूम्रपान केलेल्या आणि मुळीच न केलेल्या जुळ्यांत १८ टक्क्यांचा फरक दिसतो हे खरे, पण सर्वसामान्य लोकांमध्ये झिजेत जो अफाट फरक आढळतो, त्यात धुराचा वाटा लहानच राहतो.

आता दुसरा दावा. झिजलेली चकती दुखते का? २०१५ साली वलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी मुळीच नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या प्रतिमा-तपासण्या ३३ अभ्यासांतून एकत्र केल्या. विशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ती ९६ टक्के लोकांत दिसली. चकती फुगून बाहेर आल्याची नोंद विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होती. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र झीज व वेदना यांचा काही संबंध आढळला, तेव्हा झिजेला वेदनेशी अजिबात देणेघेणे नाही असेही म्हणता येत नाही. पण झीज दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडले, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. दीर्घकालीन कंबरदुखीचा रुग्ण अहवालातली ओळ वाचून आपल्या मणक्यांचा भुगा झाला आहे असे धरून बसतो, वाकायला, चालायला, कामाला घाबरू लागतो, आणि त्या भीतीनेच त्याचे दुखणे लांबते; म्हणून ही गोष्ट दवाखान्यात स्पष्ट शब्दांत सांगितली जाणे फार गरजेचे आहे.

वेदना आणि धूम्रपान यांच्या थेट नात्याचा अभ्यास चकतीच्या अभ्यासाहून जुना आहे आणि त्यातले मत दोनदा बदलले आहे. १९९९ साली डेन्मार्कच्या शार्लोट लबफ-इड यांनी १९७४ ते १९९६ या काळातील ४७ अभ्यासांचा पद्धतशीर धांडोळा घेतला आणि धूम्रपान हा कंबरदुखीचा क्षीण निदर्शक मानावा, कारण मानू नये, असा निष्कर्ष काढला. त्याआधीच्या वर्षी त्यांच्याच गटाने डेन्मार्कमधील २९,४२४ जुळ्या व्यक्तींची माहिती तपासली होती. एकूण लोकसंख्येत धूम्रपान आणि कंबरदुखी यांचा संबंध स्पष्ट दिसत होता. पण एकबीज जुळ्यांपैकी एक धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा अशा जोड्या घेतल्या, तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. धूर हे थेट कारण असते तर या जोड्यांतही फरक उरायला हवा होता.

फिनलंडच्या आणि डेन्मार्कच्या जुळ्यांनी दिलेली ही उत्तरे वरवर पाहता एकमेकांच्या विरोधात जातात, आणि अनेक लेखांत त्यांपैकी सोयीचे तेवढेच उत्तर उद्धृत केले जाते. वास्तविक दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. फिनलंडमध्ये एमआरआयमधले झिजेचे चित्र मोजले गेले आणि त्यासाठी सवयीत टोकाचा फरक असलेल्या मोजक्या जोड्या निवडल्या गेल्या. डेन्मार्कमध्ये वेदना विचारली गेली, आणि तीही बारा ते एक्केचाळीस वर्षांच्या, म्हणजे धूर फार वर्षे न ओढलेल्या लोकांना. झीज होण्यास वेळ लागतो, आणि झालेली झीज दुखेलच असेही नाही. त्यामुळे धूर चकतीला इजा करतो आणि तरीही तरुण वयात जोडीतल्या दोघांना कंबरदुखी सारखीच असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२०१० साली रहमान शिरी यांच्या गटाने फिनलंडमधून ४० अभ्यासांचे अधिविश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला एकत्रित निष्कर्ष, प्रसिद्ध केले, आणि पारडे पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकले. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सध्या धूम्रपान करणाऱ्यांत गेल्या वर्षभरात कंबर दुखल्याचे शक्यता-गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गटांत सारखीच शक्यता) १.३३ होते, डॉक्टरांकडे जावे लागल्याचे १.४९, दीर्घकालीन दुखण्याचे १.७९ आणि काम अडवणाऱ्या दुखण्याचे २.१४. आधी निरोगी असलेल्यांचा पुढे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांतही नव्या कंबरदुखीचे गुणोत्तर १.३१ आले. धूम्रपान सोडलेल्यांचा धोका न ओढणाऱ्यांहून जास्त, पण चालू ठेवणाऱ्यांहून कमी होता. या आकड्यांच्या चढत्या क्रमाकडे वाचकाने थांबून पाहावे. कंबर एकदा कधीतरी दुखण्याशी धूम्रपानाचे नाते सैल आहे. दुखणे जसजसे लांबते व माणसाला जखडते, तसतसे ते घट्ट होत जाते. चकतीची झीज हीच एकमेव वाट असती, तर असा क्रम दिसण्याचे काही कारण नव्हते. धूर दुखण्याच्या सुरुवातीपेक्षा त्याच्या मुरण्यात अधिक भाग घेतो, असे हे आकडे सुचवतात.

मुरण्याच्या या प्रक्रियेचा एक दुवा मेंदूत सापडला आहे. शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अप्कारियन यांच्या गटाने नुकतीच कंबरदुखी सुरू झालेल्या १६० जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांचे दुखणे दीर्घकालीन होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. हव्यासाशी आणि व्यसनाशी संबंधित असलेल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या केंद्राची कपाळामागील मेंदूच्या मधल्या भागाशी असलेली जोड या लोकांत अधिक घट्ट होती, आणि धूम्रपानाचा परिणाम मुख्यतः या जोडणीतून जात असल्याचे त्यांच्या विश्लेषणात दिसले. ज्यांनी त्या काळात धूम्रपान थांबवले, त्यांच्यात ही जोडही सैल झाली. हा एका केंद्राचा अभ्यास आहे आणि तो मोठ्या संख्येवर पुन्हा व्हायला हवा. पण दुखणे आणि व्यसन मेंदूतील एकाच वाटा वापरतात, ही त्यातली सूचना बाकीच्या पुराव्यांशी जुळते.

कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते, हे विसरून चालत नाही. निकोटिनमुळे थोडा वेळ वेदना बोथट होते. मग रक्तातले निकोटिन उतरू लागले की अस्वस्थता व वेदना दोन्ही वाढतात आणि पुढची सिगारेट औषधासारखी वाटू लागते. रात्रभर कंबर धरून बसलेल्या माणसाला व्यसनी म्हणून झिडकारणारा सल्ला या चक्राला हातच लावत नाही. शिवाय अंगमेहनतीचे काम, कमी उत्पन्न, नैराश्य, अपुरी झोप या गोष्टी धूम्रपानाबरोबरही असतात आणि कंबरदुखीबरोबरही. त्यांना वेगळे काढणे अवघड असते. स्वीडनच्या बांधकाम कामगारांवरील अभ्यास यामुळेच मोलाचा ठरतो, कारण ३,३१,९४१ कामगारांच्या त्या नोंदीत सर्वांचे क्षेत्र एकच होते. २०१८ च्या त्या अहवालात दिवसाला पंधरा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांना कंबरेच्या मज्जानलिकेच्या अरुंदीकरणासाठी, म्हणजे झिजलेली चकती, सांधे व बंध यांनी नसांची जागा आक्रसल्यामुळे, शस्त्रक्रिया करावी लागण्याचा दर न ओढणाऱ्यांहून ४६ टक्क्यांनी अधिक होता, कमी ओढणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी आणि सोडलेल्यांत १३ टक्क्यांनी.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र मतभेद फारसे नाहीत. मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या हाडातून नव्या रक्तवाहिन्या वाढून ते सांधले जावे लागते, आणि धूर नेमका यातच अडथळा आणतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांत हाड जुळले नाही, तर न करणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. २००० सालच्या मोठ्या अभ्यासात फरक कमी, पण ठळक होता: न ओढणाऱ्यांत १४.२ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतरही ओढत राहिलेल्यांत २६.५ टक्के, सहा महिन्यांहून अधिक काळ थांबलेल्यांत हे प्रमाण १७.१ टक्क्यांपर्यंत खाली आले. सोडल्याचा फायदा इतक्या थेट आकड्यांत दिसतो असे या विषयात हे एकच ठिकाण आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच तंबाखू सोडण्याची मदतही ठरवली जाणे हे त्यामुळे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

धूम्रपान सोडल्याने वेदनाही कमी होते का? न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कण्याच्या दुखण्यावर उपचार घेतलेल्या ५,३३३ रुग्णांच्या नोंदी २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. उपचारांच्या काळात धूम्रपान सोडलेल्यांच्या वेदनेत, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, अधिक उतार पडला. कोणी सोडायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि ज्याला बरे वाटू लागते त्याला सोडणेही सोपे जाते, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. सोडल्याने झिजलेली चकती पूर्ववत होते असे मात्र कोणत्याही मानवी अभ्यासाने दाखवलेले नाही, आणि तसे आश्वासन रुग्णाला देणे योग्य नाही.

हे बहुतेक संशोधन सिगारेटचे आहे, आणि महाराष्ट्रातली तंबाखू मुख्यतः धुराची नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते, २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते. चुन्यात मळलेली तंबाखू, विदर्भातला खर्रा, २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा आणि अनेक घरांत स्त्रिया दात घासायला वापरतात ती मशेरी, या सर्वांतून निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते आणि सिगारेटच्या मानाने अधिक वेळ रेंगाळते; कार्बन मोनॉक्साइड मात्र जात नाही. चकतीला निकोटिन अधिक बाधते की धुरातले वायू, मेंदूतली वाट कोणत्या घटकाने घडते, या प्रश्नांची उत्तरे ऊसतोड, बांधकाम आणि शेतीच्या कामांत कंबर मोडेपर्यंत राबणाऱ्या, तंबाखू दाढेखाली धरून कामाची पाळी पूर्ण करणाऱ्या लोकांच्या अभ्यासातून जितकी स्वच्छ मिळू शकतील तितकी उत्तर युरोपातल्या सिगारेट ओढणाऱ्यांकडून मिळणार नाहीत. तोवर इथल्या अस्थिरोग विभागात केसपेपर लिहिताना ‘धूम्रपान करता का?’ एवढाच प्रश्न विचारून चालणार नाही. तंबाखू, खर्रा, गुटखा यांची नावे घेऊन आणि स्त्रियांना मशेरीबद्दल वेगळे विचारून केलेली नोंद हीच रुग्णाच्या उपचारासाठी आणि पुढच्या संशोधनासाठीही उपयोगी ठरेल.